झडपेतलं भोक

इस्मानाली कुणाच्याही घरी गेला की आधी वर बघतो. घरची माणसं "या, बसा, नान मोडा" म्हणत असतात आणि हा मान उंचावून धुराडं कुठून बाहेर पडलंय ते शोधत असतो. मागल्या वर्षी शाळेचे जुने हेडमास्तर वारले, तेव्हा हा सांत्वनाला म्हणून आला आणि पाच मिनिटांत छपरावर. खाली बायका रडताहेत आणि वर हा बाबा धुराड्यात खांद्यापर्यंत हात घालून बसलाय. लोकांनी कपाळाला हात लावला. आता खरं सांगायचं तर त्या घरात त्या दिवशी शंभर माणसांचं रांधायचं होतं आणि धुराड्यात अर्धी वीट अडकली होती, ती यानंच काढली. पण त्याचं नाव कुणी काढलं नाही. नाव पडलं ते "काजळ्या", आणि तेच गावात चालतं.

वय चौसष्ट. अंगानं काटकुळा, पण हात मोठे आणि त्यांच्या रेषारेषांत काजळी बसलेली. सायरा, त्याची बायको, चाळीस वर्षं साबण लावून थकली. स्वस्थ बसणं हे त्याला ठाऊकच नाही. चहा पितानाही बोटं भिंतीवर ठकठक करत असतात, आत कुठे पोकळी आहे का म्हणून. ऑक्टोबर लागला, मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या आणि कारा-केचेच्या खाणीतले कोळशाचे ट्रक आत-बाशीच्या रस्त्यानं धुरळा उडवत यायला लागले, की मग तर विचारूच नका. लांब काठीला बांधलेला ब्रश, दोरीला बांधलेला लोखंडी गोळा, एक लहानसा आरसा, मातीची पिशवी आणि हातानं फिरवायचं गिरमिट घेऊन हा सकाळपासून छपरांवर. महिन्याभरात गावातली सगळी धुराडी, सगळ्या भट्ट्या त्याच्या हाताखालून जातात. आणि ज्या घरात जाईल तिथल्या झडपेला तो एक भोक पाडतो, तीन बोटं जातील एवढं.

झडप म्हणजे धुराड्याच्या पोटात आडवी सरकणारी लोखंडी पट्टी. ओढली की धूर वर जातो, लोटली की ऊब घरात राहते. आमच्या लोकांना ती लोटायची भारी घाई. अहो, माणसं आम्ही लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या तंबूतली. उन्हाळी कुरणावर संध्याकाळी चुलीतला धूर संपला, नुसते लाल निखारे राहिले, की घरातली बाई बाहेर जाऊन दोरी ओढते आणि तंबूच्या डोक्यावरचं धुराचं गोल भोक, ते तुंदुक, नमद्यानं झाकून टाकते. निखारे शेणीचे आणि नमद्यातून वारा आरपार, त्यामुळे कुणाला काही होत नाही. पण तीच सवय विटांच्या घरात आली आणि शेणीच्या जागी कोळसा आला. कोळशाच्या निखाऱ्याची विषारी हवा दिसत नाही, तिला वास नाही. माणूस झोपतो तो झोपतोच.

इस्मानालीची आई अशीच गेली. सामूहिक शेतीचे दिवस होते, विटांची नवीकोरी घरं नुकतीच मिळाली होती. हा सतरा वर्षांचा, मेंढ्यांमागे वरच्या हिवाळी गोठ्यावर. सकाळी घरी आला, दार ढकललं, तर आई आणि चार वर्षांची बहीण एकाच रजईत, गार. त्यानं झडपेकडे पाहिलं. पूर्ण लोटलेली होती. कुणी यायच्या आत त्यानं ती ओढून उघडी केली, आईला गावानं नाव ठेवू नये म्हणून. लोक म्हणाले, भट्टीच खराब होती. ह्यानं मान डोलावली आणि गप्प बसला.

पण मनात राग बसला तो बसला. आमच्याकडे मयत झालं की मुलगा दाराबाहेर काठीवर वाकून उभा राहतो आणि येणाऱ्याला लांबून ऐकू जाईल असा टाहो फोडतो. बायका आत, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी इस्मानाली काठी धरून उभा राहिला खरा, पण तोंडातून आवाज फुटला नाही. 'तू तुझ्या हातानं लोटलीस, आणि पोरीलाही घेऊन गेलीस,' एवढंच त्याच्या डोक्यात. माणसं येत गेली, खांद्यावर हात ठेवत गेली, आणि हा कोरडा ठणठणीत. "दगड आहे पोरगं," असं बायका पुढे किती वर्षं बोलत होत्या. त्यानंतर तो भट्टीच्या कामाला लागला. झडपांना भोकं का पाडतो, हे त्यानं सायराला सोडून कुणाला सांगितलं नाही.

गावात एकच घर असं होतं जिथे त्याला कधी बोलावणं आलं नाही. ऊलकान आपाचं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्याच्या आईच्या वेळची शेजारीण. तरी समोरून इस्मानाली आला की ती रस्ता ओलांडून जायची. तो म्हणायचा, "म्हातारीला गर्व आहे." सायरा म्हणायची, "तुमच्या तोंडाला काजळी असते, तिच्या रुमालाला लागेल म्हणून घाबरते." नवरा वारल्यावर धाकटा मुलगा एल्दियार मॉस्कोला बांधकामावर गेला, आपा नारिनला लेकीकडे गेली, आणि घराला कुलूप लागलं. सहा हिवाळे ते घर तसंच पडलं होतं.

या ऑक्टोबरात एल्दियार परत आला. बायको मेरिम, आणि दोन महिन्यांचा मुलगा. धाकट्या मुलाचं घर तेच वडिलांचं घर, तेव्हा बाळाला पाळण्यात घालायचं ते तिथेच, आजीच्या हातून. समारंभ उद्यावर आलेला, त्यासाठी आपाही नारिनहून आलेली. आणि जी आपा सत्तेचाळीस वर्षांत इस्मानालीशी धड शब्द बोलली नव्हती, तिनंच निरोप पाठवला: "आज रात्री बाळ या घरात झोपणार. इस्मानला म्हणावं, येऊन भट्टी बघून जा."

इस्मानाली उजाडताच हजर. अंगणात आर्चाच्या, त्या डोंगरी झुडपाच्या, धुरीचा वास होता. बंद घर उघडलं की पहिलं काम तेच. आपा मागच्या पडवीत कढईत कणकेचे तुकडे, बोरसोक, तळत बसलेली. तिनं मान वर करून पाहिलं, आणि लगेच खाली घातली.

"आलास?"

"आलो, आपा."

"नीट बघ. घाई करू नकोस." एवढंच.

एल्दियारनं आठवड्यात घराचं रूप पालटलं होतं. तेहतीस वर्षांचा गडी, हाताला कसब, तोंडाला लगाम नाही, वडीलधाऱ्याला 'आके' म्हणण्यापुरता मान तेवढा. जुन्या लाकडी खिडक्या काढून त्यानं दुहेरी काचेच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या होत्या.

"बघा आके, मेणबत्ती धरा हवी तर. ज्योत हलणार नाही!"

इस्मानालीनं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेच तर म्हणतो. भट्टीनं श्वास कुठून घ्यायचा?"

"भट्टी काय गाय आहे, श्वास घ्यायला?"

"गाईला दार उघडून बाहेर तरी जाता येतं," इस्मानाली म्हणाला आणि शिडी लावून वर चढला.

दोरीचा गोळा धुराड्यात सोडला तर अर्ध्यावर धप्पकन बसला. राखी मानेच्या कावळ्यांनी सहा वर्षं आत संसार मांडला होता. काटक्या, मेंढीची लोकर, पिशव्यांचे तुकडे, एक चमचासुद्धा. दोन पोती भरून निघाली. कावळ्यांची जोडी शेजारच्या भिंतीवर बसून त्याला शिव्या देत होती. "ओरडा, ओरडा," तो म्हणाला, "भाडं तरी कधी दिलंत का?" मग ब्रश घातला, मग वरून आरसा धरून खालपर्यंत उजेड पडतो का पाहिलं. पडला.

मग खाली नळांचं. भट्टीच्या पोटातल्या टाकीत पाणी तापतं आणि नळांतून दोन खोल्यांत फिरतं. सहा वर्षांपूर्वी घर बंद करताना एल्दियारनं पाणी सोडून दिलं होतं, पण उंबऱ्याखालून जाणाऱ्या नळाच्या खोलगटात राहिलं ते राहिलंच. पहिल्याच थंडीत तिथे बर्फ होऊन नळ उभा फाटला होता. पाणी भरल्याबरोबर उंबरा ओला झाला.

"मी सगळं काढलं होतं!" एल्दियार म्हणाला.

"सगळं कुणाकडूनच निघत नाही," म्हणत इस्मानालीनं तेवढा तुकडा कापून नवा बसवला. यात दुपार झाली.

आणि मग तो झडपेपाशी आला. म्हणजे झडप असायला हवी तिथे. भिंतीवर बोटं ठोकली, आवाज वेगळा आला. काजळी खरवडली, तर झडपेची खाच मातीनं लिंपून बंद केलेली. आत पट्टीच नाही. माती जुनी, दगड झालेली, आणि तिच्यावर बोटांचे ठसे. बारीक बोटं, बाईची. इस्मानाली त्या ठशांवर आपलं बोट ठेवून किती वेळ उभा राहिला. झडप नसलेली भट्टी म्हणजे अर्धी ऊब आभाळात. असं आमच्याकडे कोण करतं?

"हे कुणी केलं रे?"

"आईनं. मी जन्मायच्या आधीपासून असंच आहे," एल्दियार म्हणाला. "दर हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या दुप्पट कोळसा जाळायचो आम्ही. बाबा ओरडायचे, ती ऐकायचीच नाही. म्हणून हे बघा काय करून आणलंय लोहाराकडून." त्यानं कापडातून नवी झडप काढली. जाड, चकचकीत. "आजच बसवा. फक्त आईला सांगू नका, उगाच घर डोक्यावर घेईल. आणि ते तुमचं भोक नको."

"भोकाशिवाय मी बसवत नाही."

"आके, भांड्याला भोक पाडून कुणी पाणी भरतं का?"

"मग राहू दे. नको झडप."

"राहू दे तर राहू दे. मी स्वतः बसवतो. मॉस्कोत वीस मजली इमारती उभ्या केल्यात, एक पट्टी सरकवता येणार नाही?"

आला का पेच! हा नाही म्हणाला तर तो भोकाशिवाय बसवणार. इस्मानालीनं दात आवळले, गिरमिट काढलं आणि बाजूबाजूला छिद्रं पाडून, कानशीनं घासून, तीन बोटांचं भोक केलं. खाच फोडली. माती फोडताना ते बोटांचे ठसे गेले, तेव्हा त्याला उगाचच चुकल्यासारखं वाटलं. झडप बसली. शेणी पेटल्या, कोळसा धरला, नळ हळूहळू तापायला लागले. मेरिम बाळाला कडेवर घेऊन नळाला हात लावून हसली. पण भट्टीच्या दारापाशी ज्योत मधूनच बाहेर झुकत होती, आणि इस्मानालीचं लक्ष त्या ज्योतीवरून हटेना.

"इथे भिंतीला खाली एक भोक पाडू. मुठीएवढं. हवा यायला."

आता मात्र एल्दियारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, तुम्हाला भोकांचं वेड आहे का? वारा येऊ नये म्हणून मी हजारो कोसांवर राबून खिडक्या केल्या, आणि तुम्ही भिंतीला भोक पाडून वारा घरात घेता?"

"मग एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. रात्रभर. आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत झडपेला हात लावायचा नाही."

"ठेवते, आके," मेरिम म्हणाली. मेरिम गोड मुलगी, पण तिच्या कडेवर दोन महिन्यांचं बाळ आणि बाहेर बर्फाचा वास. ती खिडकी किती वेळ उघडी राहणार, हे इस्मानालीला कळत होतं.

"मी थांबतो," तो म्हणाला. "निखारे विझले की जाईन."

तेव्हा एल्दियार बोलू नये ते बोलला. "आके, मेंढी उद्या कापायची आहे. आज थांबून मांस मिळायचं नाही."

इस्मानालीनं हत्यारं गोळा केली. अंगणात आपा नानचं ताट घेऊन आडवी आली. कुणी काहीही म्हणो, आमच्याकडे घरातून निघताना नानचा एक तुकडा तोंडात टाकल्याशिवाय कुणी जात नाही.

"एक घास तरी मोड. भट्टी बरी आहे ना? बाळाला काही होणार नाही ना, इस्मान?"

सांगायला हवं होतं त्यानं. 'आपा, झडप बसवलीय, लक्ष ठेवा,' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तो मांसाचा टोमणा त्याच्या मनातून जाईना. "तुमच्या लेकाला विचारा," म्हणाला आणि नानला हात न लावता निघून गेला. आपा ताट धरून तशीच उभी राहिली.

घरी आल्यावर त्याला काही चैन पडेना. सायरानं सूप पुढे ठेवलं, ते निवलं. तो अंगणात गेला, आत आला, परत अंगणात गेला. त्याच्या अंगणातून दोन गल्ल्यांवरचं आपाचं धुराडं दिसतं.

"त्या घरावर पाळत ठेवायला सरकारनं नेमलंय का तुम्हाला?" सायरा दारातून म्हणाली.

"झडपेला भोक ठेवलंय मी."

"मग झालं तर!"

"खिडकी बंद केली असेल त्यांनी."

"मग भोक आहे ना?"

"भोक आहे गं. पण त्या पोराला भोक बघवत नाही."

सूर्य डोंगराआड गेला. आपाच्या धुराड्यातला धूर पातळ होत होत थांबला. आता निखारे झाले असतील, त्याला माहीत होतं. धूर नसला तरी गरम हवा वर जाते, धुराड्याच्या तोंडाशी मागचा डोंगर हलल्यासारखा दिसतो. तो डोळे बारीक करून बघत राहिला. डोंगर हलत होता. मग हलायचा थांबला.

"उजेड कमी झालाय म्हणून दिसत नसेल," सायरा म्हणाली. तीही आता त्याच्या बाजूला येऊन उभी होती.

तेवढ्यात सकाळचा तो राखी मानेचा कावळा आला आणि आपाच्या धुराड्याच्या काठावर बसला. नुसता बसला नाही, आत मान घालून आपलं घर शोधायला लागला. एक पाय उचलला नाही, पंख फडफडवले नाहीत. तीन बोटांच्या भोकातून कोळशाची वाफ येत असती तर कावळा तिथे क्षणभर टिकला असता का?

"सायरा, भोक बुजवलंय त्यानं!"

दाराला टेकवलेली ब्रशची काठी हाताला लागली, ती घेऊन तो धावला. चौसष्ट वर्षांचा माणूस, तोंडातून फेस यायचा बाकी. कुत्री मागे लागली. दारावर थाप मारायलाही तो थांबला नाही.

खोलीत छान ऊब होती. खिडक्या घट्ट बंद. मेरिम भिंतीला टेकून डोकं धरून बसलेली. "प्रवासाचा शीण आहे, आके," ती जड जिभेनं म्हणाली. भट्टीला लागून गादीवर बाळ निजलेलं. एल्दियार उठायला गेला आणि परत खाली बसला. इस्मानालीनं झडप उपसून थेट खिडकीवर फेकली. ती नवी दुहेरी काच खळ्ळकन फुटली. बाळाला उचललं, मेरिमचा हात धरून ओढलं, आणि सगळ्यांना अंगणात काढलं.

बाळ हातात लुळं होतं. इस्मानालीनं त्याला थंड हवेत उताणं धरलं, गालावर फुंकर मारली, तळपायाला टिचकी मारली. काही नाही. परत मारली. "रड," तो म्हणाला, "रड रे बाबा, रड!" आणि मग बाळानं असा काही टाहो फोडला की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली. मेरिम जमिनीवर बसून ओकत होती आणि ओकता ओकता हसत होती. एल्दियार गुडघ्यांवर होता.

"काय केलंस?"

"पत्र्याचं ठिगळ ठोकलं भोकावर," एल्दियार म्हणाला. "निखारे झाले म्हणून लोटली. धूर नव्हता, आके. जराही धूर नव्हता. धूर संपला की तुंदुक झाकायचं, आजीनं हेच शिकवलं होतं."

उद्यासाठी बायकांना बोलवायला गेलेली आपा त्याच वेळी फाटकातून आत आली. रडणारं बाळ पाहिलं, फुटलेली काच पाहिली, आणि मग अंगणात पडलेली ती झडप. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"झडप? माझ्या घरात झडप?"

"मी बसवली, आपा," इस्मानाली म्हणाला. आणि मग त्याचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. "मीच बसवली आणि मीच तुम्हाला सांगितलं नाही. ठाऊक असून! माझी आई अशीच गेली, आपा. भट्टी खराब नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं झडप लोटली होती. मी सकाळी ती उघडली आणि कुणाला कळू दिलं नाही. आयुष्यभर मी तिला माफ केलं नाही. ज्या ज्या घरात जातो तिथे मला तिचाच हात दिसतो!"

आपा उंबऱ्यावर बसली.

"तू उघडलीस?" ती म्हणाली. "मी सकाळी आले तेव्हा झडप उघडी होती. मला वाटलं, देवानं उघडली. मग भट्टीच खराब, असं सगळे म्हणाले, मीही मानलं. मानलं म्हणजे... मानायचा प्रयत्न केला." तिनं रुमालाचं टोक तोंडावर दाबलं, मग काढलं. "इस्मान, तुझ्या आईनं नाही लोटली."

मेरिमनं बाळ इस्मानालीकडून आपल्या कुशीत घेतलं. ते आता हुंदके देत होतं नुसतं.

"मी चाळणी परत द्यायला गेले होते संध्याकाळी. ती आणि पोर झोपली होती. दमली होती बिचारी, दिवसभर लोकर धुतली होती तिनं. धूर संपला होता, निखारे लाल होते. मी म्हटलं, उगाच कशाला उठवा. रजई नीट केली, पोरीचा पाय आत घेतला, आणि जाता जाता झडप लोटली. त्यांना ऊब राहावी म्हणून. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, आज एक पुण्याचं काम केलं." तिचा आवाज चिरकत गेला. "त्याच महिन्यात मी माझ्या घरची झडप काढून नदीत टाकली आणि खाच लिंपली. तुला सांगायला दर वर्षी निघायचे. तू समोर दिसलास की पाय दुसरीकडे वळायचे."

दुपारचे ते मातीवरचे ठसे इस्मानालीच्या डोळ्यांसमोर आले. "झोपली होती?" त्यानं विचारलं.

"झोपली होती. पोर कुशीत होती. तिनं डोळेही उघडले नाहीत, इस्मान. तिनं काहीच केलं नाही."

इस्मानाली वळला. दोन पावलं टाकली, दाराच्या बाजूला उभा राहिला, तिथेच टाकलेली ब्रशची काठी उचलून समोर रोवली आणि तिच्यावर वाकला. आधी नुसते खांदे हलले. मग सत्तेचाळीस वर्षं छातीत अडकलेला तो आवाज निघाला. "आई गंऽऽ! माझे आई गंऽऽ! मी तुला बोल लावला गं आई!" इतका मोठा की दोन गल्ल्या पलीकडे सायरानं ऐकला. ऊलकान आपानं उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि तिचा आक्रोश सुरू झाला, मेलेल्या बाईचं नाव घेऊन, तिच्या लेकीचं नाव घेऊन, आपल्या हाताला शिव्या देत.

एल्दियार लटपटत उठला. त्याला कुणी सांगितलं नाही, पण तो जाऊन इस्मानालीच्या शेजारी उभा राहिला आणि वाकला.

फाटक वाजलं. शेजारचा सामुदिन टोपी सावरत धावत आला, मागे दोन-तीन माणसं. त्यानं मेरिमच्या हातातलं बाळ पाहिलं, आतला आक्रोश ऐकला, दारातल्या त्या दोघांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"एल्दियार, कोण गेलं रे?"

"इस्मान आकेची आई," एल्दियार म्हणाला.

सामुदिन पुढे झाला, इस्मानालीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.